पायथ्याची उशी

हिराबाईंची कॉट बाणेरच्या फ्लॅटवर आली तेव्हा ती कुठे ठेवायची यावर चर्चा झाली नाही. डॉक्टरांनी उजेड आणि हवा सांगितली होती, म्हणून कॉट खिडकीशी. प्राणवायूच्या मशीनचा प्लग दाराशेजारी, म्हणून मशीन दाराशी. मधे सुखदेवरावांची खडकीहून आणलेली लोखंडी खाट आणि तिच्या खालून हिराबाईंच्या नाकापर्यंत गेलेली लांब नळी. दोघांची उशी एकाच भिंतीला. भाड्याने सामान देणाऱ्या माणसाने मशीन सुरू केले, खोलीत घरघर भरली, आणि सही घेऊन तो गेला.

सुखदेवराव दारात उभे होते.

"अभय, हिची कॉट मधे घेतली आणि माझी खिडकीशी नेली तर?"

"का?"

"असंच."

"आबा, हवा आईला हवीय. तुम्हाला नाही. असंच म्हणून कसं चालेल?"

अभय हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग विभागाचा प्रमुख होता. कारणाशिवाय केलेली मागणी त्याच्याकडे टिकत नसे. सुखदेवरावांकडे कारण होते, पण ते सांगण्याजोगे नव्हते. 

कारण असे होते की त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नव्हते. अजिबात नाही, आणि अभय एक वर्षाचा होता तेव्हापासून नाही. त्या साली त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरला आणि जाताना उजवा कान घेऊन गेला. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तेव्हा नुकतेच कायम झाले होते. राहायला क्वार्टर मिळाले होते. कान गेल्याचे कळले असते तर त्यांना हलक्या कामावर टाकले असते, आणि क्वार्टर राहिले असते की नाही याची खात्री नव्हती. नवराबायकोने एका संध्याकाळी ठरवले की हे कुणालाही कळू द्यायचे नाही. ठरवले हिराबाईंनी; सुखदेवरावांनी मान हलवली.

दरवर्षी कारखान्यात वैद्यकीय तपासणी होई. डॉक्टर पाठीमागे उभे राहत, एका कानात बोट घालायला सांगत आणि हळू आवाजात आकडा म्हणत. तो आकडा परत म्हणून दाखवायचा. उजव्या कानाच्या वेळी डाव्या कानात बोट घालायचे, पण भोक बुजवायचे नाही. बोट दाबलेले दिसले पाहिजे, कोपर वर हवे, आणि फट राहिली पाहिजे. हे हिराबाईंनी शोधून काढले आणि नवऱ्याकडून घटवून घेतले. स्वयंपाकघरात त्यांना पाटावर बसवून त्या मागे उभ्या राहत आणि पुटपुटत. "गवार." सुखदेवराव म्हणत, "गवार." "दोडका." "दोडका." "मूर्ख." "मूर्ख." मग मागून काहीच आले नाही की ते वळून बघत, तर बायको तोंडात पदर कोंबून हसत असे.

ते निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तपासणीत पास झाले.

तपासणी वर्षातून एकदा असे. उरलेले वर्ष हिराबाई सांभाळत. त्या कायम त्यांच्या डावीकडे असत. लग्नात, विहारात, बसमध्ये, फोटोत. बायकोने डावीकडे बसायचे ही रीतच असल्यामुळे कुणाला त्यात वावगे दिसले नाही. उजवीकडून कुणी काही विचारले की त्या मधेच तोंड घालत. "दिगंबरराव विचारतायत, प्रमोशन कधी? सांगा की आता, कधी ते." सुखदेवराव उत्तर देत. कारखान्यातले लोक म्हणत, सुखदेवला दोन तोंडे आहेत, त्यातले मोठे हिरावहिनींचे. सासरच्या बायका म्हणत, नवऱ्याला एक शब्द बोलू देत नाही. हिराबाईंनी हा लौकिक आयुष्यभर बाळगला आणि एकदाही खोडून काढला नाही.

अभयलाही हे माहीत नव्हते. लहान पोराच्या तोंडून बातमी फुटते म्हणून आधी सांगितले नाही, आणि पुढे सांगायचे राहून गेले. जेवताना डावीकडे आई बसे, म्हणून अभयचे ताट उजवीकडे. शाळेतले काही सांगायला लागला की वडील पुष्कळदा जेवत राहत. त्याने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला आणि हळूहळू सांगणे बंद केले. वडील फक्त आईचेच ऐकतात, हे तो पुढे बायकोला, सोनालीला, हसत हसत सांगत असे. हसणे पूर्ण खरे नसे.

आता हिराबाईंचे हृदय थकले होते. छातीत पाणी भरे, दम लागे. डॉक्टरांनी सांगितले की घरी राहू शकतील, पण खोलीत सतत कुणीतरी हवे. दम लागला की कॉटची पाठ वर करायची, मशीनचे बटण वाढवायचे, आणि तेवढ्याने थांबले नाही तर लगेच फोन. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला होता, म्हणून ऐकणारे माणूस जवळच हवे.

सकाळी आणि संध्याकाळी कुसुम असे. ती बाणेर गावठाणातली. दुपारी एक ते चार तिला दुसऱ्या घरचे काम होते. सोनाली शिवाजीनगरला बँकेत, नात दीक्षा कॉलेजात. अभयचे म्हणणे होते की पूर्ण दिवसाची बाई ठेवू.

"दुपारी मी आहे," सुखदेवराव म्हणाले.

"आबा, तुम्ही दुपारी झोपता."

"मग काय झालं? कारखान्यात रात्रपाळ्या केल्यात मी. हाक आली की उठतो."

"नक्की ऐकू येईल?"

"मला काय धाड भरलीय ऐकू न यायला?"

कॉटवरून हिराबाई म्हणाल्या, "राहू दे त्यांना. तेवढीच दोन घटका शांतता. नाहीतर ती कुसुम कानाशी बडबडत बसेल." त्यांनी नवऱ्याकडे बघितले नाही.

अशी त्यांना दुपारची पाळी मिळाली. पाळी हा त्यांचाच शब्द. एक वाजला की ते हातपाय धुऊन, बाह्यांची बटणे लावून खोलीत जात आणि कुसुमला म्हणत, "जा आता. पाळी बदलली."

पहिल्याच दुपारी त्यांना अडचण कळली. खाटेवर पाठ टेकली की हिराबाई उजवीकडे येत आणि मशीन डावीकडे. चालू कानात नुसती घरघर. उजव्या कुशीवर वळावे तर त्या बाजूच्या खुब्यात सळई होती. बसून राहावे तर पाऊण तासात मान लटके. त्यांनी थोडा विचार केला, उठले, उशी उचलून पायथ्याला ठेवली आणि उलटे झोपले. आता हिराबाई डावीकडे आल्या आणि मशीन मेलेल्या कानाकडे गेले. त्या खोलीत आल्या-गेलेल्या प्रत्येकाला ती घरघर नकोशी होई. सुखदेवरावांसाठी ती बंद झाली. बायकोने कूस बदलली तरी त्यांना कळत होते.

"हे काय?" हिराबाई म्हणाल्या.

"ऐकू येतंय आता."

"अगंबाई. आगगाडीत समोरासमोर बसल्यासारखं झालं की."

"हं."

"कुठलं स्टेशन आलं?"

सुखदेवरावांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखे केले. समोर नव्या टॉवरचा सांगाडा होता. "दौंड," ते म्हणाले.

दोघांनी मिळून लांबचा प्रवास एकदाच केला होता, लग्नानंतर दोन वर्षांनी, नागपूरला दीक्षाभूमीवर. त्या गाडीतल्या गर्दीत हिराबाई त्यांच्यासमोर बसल्या होत्या आणि दर तासाला विचारत होत्या, कुठलं स्टेशन आलं. तेव्हा दोन्ही कान शाबूत होते. आता रोज दुपारी डोळा लागण्याआधी त्या विचारत आणि सुखदेवराव सांगत. एकेक स्टेशन चार-चार दिवस टिकत असे. गाडी लेट आहे, ते म्हणत. हिराबाई म्हणत, "लेटच असू दे. मला काय उतरायची घाई नाही."

घरात मात्र वेगळेच दिसू लागले होते. हिराबाई आता हॉलमध्ये नसल्याने सुखदेवराव तिथे उघडे पडले. एकाच कानाने ऐकणाऱ्या माणसाला आवाज कुठून आला हे कळत नाही. सोनालीने स्वयंपाकघरातून हाक मारली की ते गॅलरीत जाऊन उभे राहत. दीक्षाने विचारले, "आजोबा, रिमोट कुठंय?" तर म्हणाले, "जेवलो मी." ती हसली. मग तेच दोनदा झाल्यावर हसली नाही, बाबांना सांगितले.

अभयने इंटरनेटवर वाचले, कागद छापून आणले आणि लक्षणे जुळवली. वडिलांना एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर टेबलाच्या उजव्या अंगाला बसले होते, डावीकडे खिडकीतला एसी चालू होता. आज वार कोणता, असे त्यांनी विचारले. सुखदेवराव त्यांच्या ओठांकडे बघून म्हणाले, "चार." वार आणि चार यांत अंतर फारसे नव्हते, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही. डॉक्टर अभयला म्हणाले, सुरुवात असू शकते, लक्ष ठेवा.

त्यानंतर एका शनिवारी दुपारी अभय घरी होता. खोलीत डोकावला तर वडील खाटेवर उलटे झोपलेले, पाय आईच्या उशाजवळ.

"आबा! उठा. हे काय चाललंय?"

सुखदेवराव उठून बसले.

"पाय आईच्या तोंडाशी?"

"त्यांचे पाय काय मी पहिल्यांदा बघतेय?" हिराबाई म्हणाल्या. "बूट काढायला मीच होते."

"आई, तू यांची बाजू घेऊ नकोस. दम लागेल." त्याने उशी उचलून जागेवर ठेवली आणि थोपटली. चार वाजले होते, कुसुम परतून दारात उभी होती. "कुसुमताई, जाताना उशी या बाजूला आहे ना, रोज बघायचं."

"व्हय दादा. मी करतीच सरळ. मी गेल्याव आबा फिरवत्यात."

सुखदेवरावांना वाटले होते कुसुमला कळले नसेल. अभयने तिघांकडे आळीपाळीने बघितले आणि तो फार हळू, समजुतीच्या आवाजात बोलू लागला. तो उजवीकडे उभा होता. हिराबाईंनी सवयीने त्याची वाक्ये मधेमधे उचलली, त्यामुळे सुखदेवरावांपर्यंत सगळे पोचले. म्हणणे असे होते की आबांना दोष नाही, हा आजार आहे. पण ज्याला उशाची बाजू कळत नाही त्याच्या भरवशावर आईला ठेवता येणार नाही. दीक्षाचा जुना कॉम्प्युटर उद्या या खोलीत बसेल, त्यावर कॅमेरा. ऑफिसमधून तो बघत जाईल. पुन्हा उलटे झोपलेले दिसले तर त्या दिवसापासून कुसुमताई पूर्ण वेळ, आणि आबांची खाट हॉलमध्ये.

"कॅमेऱ्यात आवाज येतो?" हिराबाईंनी विचारले.

"माइक आहे त्याला, पण या मशीनमुळे फक्त घरघर येईल. आवाज बंदच ठेवणार. चित्र पुरे."

तो कुसुमला घेऊन बाहेर गेला. सुखदेवराव खाट सोडून हिराबाईंच्या कॉटच्या कडेला, त्या डावीकडे येतील असे बसले.

"सांगून टाका आता," त्या म्हणाल्या. "कारखान्याचा डॉक्टर काही बाणेरला येत नाही."

"सांगितलं की ऐकू न येणारा माणूस इथं कशाला, म्हणेल. आज हॉल, उद्या ते विरंगुळा केंद्र. ती कुसुम बसेल इथं."

"बसू दे. ती निदान भाजीत मीठ कमी म्हणणार नाही."

ते हसले नाहीत. "हिरा, नको सांगूस. मी सरळ झोपतो. झोपायचंच नाही, नुसतं पडायचं. डोळा लागू देत नाही."

"मला वचन देऊ नका. तुमची झोप मला माहितीय."

"नको सांगूस."

हिराबाईंनी दम घेतला. "नाही सांगत. इतकी वर्षं नाही सांगितलं, आता काय." मग म्हणाल्या, "कुठलं स्टेशन आलं होतं काल?"

"भुसावळ."

कॅमेरा बसला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो डोळ्यासारखा चिकटवलेला होता आणि त्याचा हिरवा दिवा जळत असे. पुढचे दोन आठवडे सुखदेवराव दर दुपारी सरळ झोपले. जागे राहायचा प्रयत्न करत. कधी जमे, कधी नाही. हिराबाईंना दोनदा दम लागला, दोन्ही वेळा ते जागे होते. अभयने ऑफिसच्या पडद्याच्या कोपऱ्यात ती छोटी चौकट उघडी ठेवली होती. सरळ झोपलेले वडील बघून त्याला बरे वाटले. घरी आल्यावर तो म्हणाला, "आबा, गुड. जमतंय की." त्याच्या आवाजात कौतुक होते. सुखदेवरावांनी ते ऐकले, कारण त्या वेळी तो डावीकडे होता.

मंगळवारी अडीचच्या सुमारास तो मीटिंगमधून जागेवर आला. चौकटीत वडील पाठीवर झोपले होते, उशी भिंतीला, हात छातीवर. शेजारी आई अर्धवट उठून बसली होती. तिचे ओठ हलत होते. अभयने चौकट मोठी केली. ती वडिलांकडे तोंड करून बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. तिने कॉटच्या कडेच्या दांड्यांतून हात बाहेर काढला. वडिलांच्या खांद्यापर्यंत तो पोचला नाही. कॉट उंच, खाट बुटकी, आणि मधे वीतभर जागा उरली.

त्याने घरी फोन लावला. फोन हॉलमध्ये होता, खोलीचे दार लोटलेले. चित्रात वडील हलले नाहीत. त्याने सोनालीला फोन केला, तिने शेजारच्यांना केला, शेजारच्यांनी बेल दाबली. चित्रात काही बदलले नाही.

मग आईने शेजारच्या स्टुलावरचा पाण्याचा पेला उचलला. स्टीलचा. ती तो फेकणार हे उघड होते. हात मागे नेलेला अभयने बघितला. त्या क्षणी तिने मान वळवली आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघितले. अभयला वाटले ती त्याच्याकडेच बघतेय, आणि तो ऑफिसात, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाला, "फेक, आई."

तिने पेला परत स्टुलावर ठेवला. नीट ठेवला. मग मागे टेकली आणि वडिलांकडे बघत राहिली.

अभय गाडीकडे धावला. हिंजवडीच्या चौकात नेहमीची कोंडी होती.

दार उघडून तो खोलीत शिरला तेव्हा सुखदेवराव उठलेले होते. हिराबाईंच्या कॉटवर वाकून त्यांनी डावा कान त्यांच्या तोंडाला लावला होता. पावले वाजली तसा त्यांनी हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "ती काहीतरी म्हणतेय."

अभयने आईच्या मनगटावर बोटे ठेवली. मग नाकाजवळची नळी बाजूला केली. नळीतून हवेचा सूं असा आवाज येत होता. त्याने मशीन बंद केले. खोली एकदम शांत झाली, आणि सुखदेवरावांनी कान काढला.

खडकीच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. जुने कामगार आले होते. बरेचजण सुखदेवरावांच्या उजवीकडून येऊन काही बोलले, आणि ते प्रत्येकाला मान हलवत होते. त्यांच्या डावीकडची सतरंजी रिकामी होती. तिथे कुणी बसले नाही. कुणी ठरवून सोडली नव्हती, पण बसले नाही.

कॉट आणि मशीन परत न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या सकाळी अभय खोलीत आला आणि दार लावून घेतले.  तो बोलू लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. आई हाका मारत होती. हातभर अंतरावर. पेला उचलला होता तिने, फेकला असता तर जाग आली असती.

"पेला?" सुखदेवरावांनी विचारले. हाका त्यांनी ताडल्या होत्या. पेल्याचे त्यांना माहीत नव्हते. "मग?"

"ठेवला परत."

"का?"

"मला काय माहीत! कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ठेवला."

"कॅमेऱ्याकडे बघितलं?"

"सरळ. माझ्याकडे."

सुखदेवराव खाटेवर बसले. पुष्कळ वेळ त्यांनी गुडघ्यावरचे हात तपासल्यासारखे बघितले. मग म्हणाले, "अभय, इकडून ये. या बाजूनं."

"काय?"

"डावीकडं ये. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. तू वर्षाचा होतास तेव्हापासून."

त्यांनी सांगायला फारसा वेळ घेतला नाही. ताप, तपासणी, बोटाची फट, गवार आणि दोडका. उशी का फिरवली. का सांगितले नाही. पेला भिरकावून नवऱ्याला उठवावे लागले असते तर कॅमेऱ्याने बघितले असते की याला ऐकू येत नाही, आणि संध्याकाळी खाट हॉलमध्ये गेली असती. तिला वाटले असेल, दम जाईल निघून. दोनदा गेला होता.

"ती माझी पाळी वाचवत होती," ते म्हणाले.

अभय उभाच होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि सुखदेवरावांनी तो बदलताना पाहिला. कानाचे ऐकून तो बालपणातल्या ताटापर्यंत गेला असेल. पण तिथे थांबला नाही. तो पुढे आला, शनिवारच्या दुपारपर्यंत, आणि त्याची नजर उशीवर गेली.

"म्हणजे उलटे झोपला असतात तर," तो म्हणाला, "ऐकू आलं असतं."

"ते कुणी सांगावं?"

"तपासता येईल." तो दाराशी गेला आणि मशीन सुरू केले. घरघर सुरू झाली. "झोपा, आबा. आधी सरळ."

"अभय, सोड."

"झोपा. प्लीज. माणूस येईल मशीन न्यायला."

सुखदेवराव आडवे झाले. उशी भिंतीला. अभय आईच्या कॉटवर बसला. छतावरच्या पंख्याकडे बघत सुखदेवराव पडून राहिले. डाव्या कानात मशीन होते आणि दुसरे काही नव्हते. काही वेळाने अभय त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "मी तीनदा हाक मारली. तिच्याइतक्या आवाजात."

"नाही आली."

"आता उलटे."

त्यांनी उशी उचलली आणि पायथ्याला ठेवली. आडवे झाले. मशीन गेले. खोली एकदम जवळ आली, तिच्या वेळी येत असे तशी. कॉटची स्प्रिंग करकरली, अभयने श्वास घेतला, तोही ऐकू आला. त्यांनी डोळे मिटले.

अभय अगदी हळू बोलला. आईच्या आवाजापेक्षाही हळू.

"आबा, उशी मी फिरवली. माझ्यामुळे गेली आई."

एकेक शब्द स्पष्ट आला. सुखदेवराव हलले नाहीत. पापणी हलू नये म्हणून त्यांनी जीभ दातांत धरली. कानाच्या कोणत्याही तपासणीत ते कधी नापास झाले नव्हते. छातीवरचे हात तसेच राहिले, श्वास तसाच.

"आबा?" अभय म्हणाला. मग अजून एकदा, "आबा."

ते पडून राहिले. शेवटी अभय उठला, खाटेपाशी आला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. सुखदेवरावांनी झोपेतून जागे झाल्यासारखे डोळे उघडले.

"मारलीस हाक?"

"काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही रे. आता दुसराही कान गेल्यातच जमा आहे. कसाही झोपलो असतो तरी हेच झालं असतं."

अभय खाटेच्या कडेला बसला आणि तोंडावर हात घेऊन रडू लागला. लहानपणानंतर वडिलांसमोर तो रडला नव्हता. तो डावीकडे बसला होता. रडणे सुखदेवरावांना पूर्ण ऐकू येत होते, पण आता ते ऐकू येत नसल्यासारखेच राहावे लागणार होते. आज, आणि यापुढेही. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि ती हाकच मारत होती असं कशावरून?" ते म्हणाले. "स्टेशन विचारत असेल."

अभयला त्यातले काही कळले नाही. त्याने विचारलेही नाही.

बेल वाजली. ती कुठून वाजली हे कळायला सुखदेवरावांना नेहमीप्रमाणे वेळ लागला.

"मशीनवाला असेल," अभय डोळे पुसत मोठ्याने म्हणाला, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसे.

"जा," सुखदेवराव म्हणाले. "देऊन टाक."